पिवळ्या दाण्यावरचा काळा डाग: सोयाबीनच्या एका बियाणे-प्लॉटचं प्रकरण

वाशिम जिल्ह्यात कारंजा तालुक्यातलं चार एकरांचं वावर, वाण जेएस ३३५. गावापुरतं बियाणं गावातच करायचं म्हणून शेतकरी गटानं हा प्लॉट राखला होता. पेरा घरच्याच, मागच्या हंगामातल्या बियाण्याचा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकरी ३० किलोप्रमाणे पेरणी झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सवंगणी. गंजी वाळल्यावर दोन दिवसांत मळणी उरकली आणि ६० किलोचे ४६ कट्टे भरले. पहिल्या दिवसाचे २० कट्टे पूर्वेकडच्या धुऱ्यालगतचे, दुसऱ्या दिवसाचे २६ पश्चिमेकडचे. दोन्ही दिवसांच्या थप्प्या वेगळ्या लावल्या होत्या. ही साधी गोष्ट पुढं फार उपयोगी पडली.

बियाणं निवडायला बसलेल्या बायांच्या सुपात चितकबरे दाणे दिसायला लागले. जेएस ३३५ चा दाणा पिवळा आणि त्याचा डोळा, म्हणजे शेंगेला चिकटलेली जागा, काळा असतो. या दाण्यांत डोळ्याचा काळा रंग बाहेर पसरला होता. काहींवर खोगिरासारखा पट्टा होता, काहींवर डोळ्यापासून निघालेले फराटे, तर काहींची अर्धी बाजू काळपट-तपकिरी झाली होती. दाणे टपोरे होते आणि हाताला गुळगुळीत लागत होते. गटातल्या एका काकांचा प्रश्न सरळ होता: "हे बियाणं बिघडलं का जी, का कोनती भेसळ झाली? काळे दाणे निवडून फेकले तर बाकीचं पेरता येते का नाही?"

त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे समजायला दाण्याचा पिवळा रंग कुठून येतो तिथपासून सुरुवात करावी लागते.

आधी डाग ओळखणं

सोयाबीनच्या दाण्यावरचे सगळे डाग एका माळेचे मणी नसतात, म्हणून पहिलं काम वर्गवारीचं. दोन्ही थप्प्यांतल्या प्रत्येक कट्ट्यातून वर, मध्ये आणि तळाशी असा तीन ठिकाणी बंबू, म्हणजे नमुना काढायची पोकळ सळई, घालून नमुना काढला. थप्पीवार एकत्र करून चार वाटे पाडत पाडत तो कमी केला आणि प्रत्येकी ५०० दाणे पांढऱ्या कागदावर मांडले.

जांभळट-गुलाबी छटेचे, थोडे तडकलेले दाणे निघाले ते जांभळ्या डागाच्या बुरशीचे, म्हणजे सर्कोस्पोरा किकुची हिचे. राखाडी, खडूसारखे आणि सुरकुतलेले दाणे शेंगा पावसात भिजल्यामुळं बुरशीनं खाल्लेले होते. मोजकेच दाणे संपूर्ण काळे, डोळ्यासकट एकरंगी होते. ती एकतर दुसऱ्या वाणाची भेसळ असते, नाहीतर पिवळेपणाच्या जनुकात आपोआप झालेला बदल. उरले ते खोगीर आणि फराट्यांचे चितकबरे दाणे. पहिल्या थप्पीत ५०० पैकी ७१, दुसरीत १६.

खातरीसाठी दोन सोप्या तपासण्या केल्या. बाजारात मिळणारं ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी तीन भाग असं १ टक्क्याचं द्रावण करून त्यात दाणे तीन मिनिटं ठेवले आणि साध्या पाण्यानं तीनदा धुतले. वरवरची बुरशी आणि मातीचा डाग यानं फिका पडतो. चितकबरा डाग जिथल्या तिथं राहिला. मग दाणे रात्रभर भिजवून सकाळी चिमट्यानं साल सोलली. रंग पूर्णपणे सालीत होता, आतली डाळ स्वच्छ पिवळी. बुरशीनं खाल्लेल्या दाण्यात डाळही तपकिरी पडलेली असते. ओल्या टीपकागदावर २५ अंशाला सात दिवस ठेवल्यावर जांभळ्या आणि राखाडी दाण्यांवर बुरशी वाढली. चितकबऱ्यांवर स्वच्छ दाण्यांपेक्षा काही वेगळं उगवलं नाही. उगवणही दोन्हींची ७० टक्क्यांच्या प्रमाणित मर्यादेच्या वर आली.

म्हणजे भेसळ नाही, बुरशी नाही आणि उगवणीचा दोषही नाही.

पिवळा दाणा म्हणजे दाबून ठेवलेला काळा दाणा

सोयाबीनच्या रानटी पूर्वजाचा दाणा काळपट असतो. मध्य भारतात लावलं जाणारं कालीतूर हे जुनं वाणही काळ्याच दाण्याचं. रंग तयार करायची सगळी यंत्रणा जेएस ३३५ मध्येही शाबूत आहे. पुरावा वावरातच मिळतो, कारण या वाणाचं फूल जांभळं असतं. फुलातला जांभळा आणि सालीतला काळा हे दोन्ही अँथोसायनिन गटाचे रंग, आणि दोन्हींच्या वाटेवर चाल्कोन सिंथेज नावाचं विकर लागतंच. एकाच झाडाच्या पाकळीत हे विकर तयार होतं आणि दाण्याच्या सालीत होत नाही, असं का?

कारण सोयाबीनच्या आठव्या गुणसूत्रावर चाल्कोन सिंथेजच्या जनुकांचा एक गट दोनदा, एकमेकांसमोर उलटसुलट, आरशातल्या प्रतिमेसारखा बसला आहे. त्याची आरएनए नक्कल, म्हणजे जनुकाचा संदेश नेणारा धागा, निघते तेव्हा तिचे दोन भाग एकमेकांना जुळतात आणि धागा स्वतःवरच दुमडून दुपदरी होतो. पेशीला दुपदरी आरएनए चालत नाही. डायसर हे विकर त्याचे मुख्यतः २१ अक्षरांचे (अक्षर म्हणजे धाग्यातला एकेक दुवा) तुकडे करतं. हेच लघु आरएनए. आर्गोनॉट नावाचं प्रथिन त्यातला एक पदर धरून ठेवतं, आणि त्या पदराशी जुळणारा कुठलाही संदेश-आरएनए सापडला की तो कापून टाकतं. सालीत रंगाचं काम मुख्यतः चाल्कोन सिंथेज ७ आणि ८ या जनुकांकडं असतं. त्यांचे संदेश असे कापले गेल्यानं विकर बनत नाही, म्हणून रंगही बनत नाही. हे दमन फक्त सालीत चालतं. पानात, फुलात किंवा डाळीत ते दिसत नाही. जेएस ३३५ सारख्या वाणांत डोळ्यापुरती साल यातून सुटते, म्हणून डोळा तेवढा काळा.

याला आरएनए हस्तक्षेप म्हणतात. त्याची पहिली ठळक खूणही याच जनुकानं दिली होती. १९९० मध्ये पेटुनियाचं फूल आणखी गडद करायचं म्हणून त्यात चाल्कोन सिंथेजची जादा प्रत घातली, तर कितीतरी झाडांना पांढरी फुलं आली. दुपदरी आरएनए हे या दमनाचं मूळ आहे, हे १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर दाखवलं. त्यासाठी त्यांना २००६ चं नोबेल मिळालं. वनस्पतींतले लघु आरएनए हॅमिल्टन आणि बॉलकोम यांनी १९९९ मध्ये पकडले. प्रयोगशाळेत हे सगळं उलगडण्याच्या किती तरी आधीपासून शेतकरी पिवळा दाणा निवडून पेरत आला, आणि नकळत लघु आरएनएची ही यंत्रणा जपत आला.

मग डाग कुठून आला

वनस्पतीची ही यंत्रणा मुळात विषाणूंविरुद्धचं हत्यार आहे. सोयाबीन मोझॅक विषाणू, ज्याला आपल्याकडं हिरवा मोझॅक म्हणतात, हा एकपदरी आरएनएचा विषाणू. त्याची लांबी साधारण ९,६०० अक्षरं. वाढताना तो दुपदरी अवस्थेतून जातो आणि झाड त्याचेही तुकडे करायला लागतं. विषाणूजवळ याला तोड आहे: एचसी-प्रो नावाचं प्रथिन. ते लघु आरएनएच्या जोड्या धरून ठेवतं आणि आर्गोनॉटपर्यंत पोचू देत नाही. विषाणूला सालीच्या रंगाशी काही देणंघेणं नसतं, तो स्वतःचा जीव वाचवत असतो. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. चाल्कोन सिंथेजला दाबणारे तुकडेही त्याच कचाट्यात सापडतात, दमन सुटतं आणि सालीच्या त्या भागात काळा रंग उतरतो. म्हणूनच ज्या वाणाचा डोळा तपकिरी त्याचा डाग तपकिरी आणि ज्याचा डोळा काळा त्याचा काळा. बाहेरून डाग पडलेला नसतो, झाडाचाच लपलेला रंग मोकळा झालेला असतो.

हंगामातली एक गोष्ट इथं जुळते. आरएनए दमन गरम हवेत जोरात चालतं आणि थंडाव्यात मंदावतं. पारा ३० अंशांच्या वर राहिला तर या रोगाची पानांवरची लक्षणं झाकली जातात. त्या ऑगस्टमध्ये झड लागली होती, कितीतरी दिवस ऊन दिसलं नाही, आणि शेंगा भरण्याचा काळ ढगाळ, गारव्यात गेला.

वावरात रोग दिसला नव्हता का? दिसला होता. पूर्वेकडच्या भागात काही झाडांची पानं सुरकुतली होती, कडा खाली वळल्या होत्या आणि शिरांलगत गडद हिरवे फुगवटे आले होते. त्याला पिवळा मोझॅक समजून दोन फवारण्या झाल्या. हा गोंधळ नेहमीचा आहे आणि तो महाग पडतो. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर लख्ख पिवळे चट्टे येतात. तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो आणि माशीच्या अंगात टिकून राहतो, त्यामुळं माशी आटोक्यात ठेवण्याचा थोडा तरी फायदा होतो. हिरवा मोझॅक माव्यामुळं पसरतो, आणि तोही सोंडेच्या टोकावरून, काही सेकंदांत. मावा पान नुसतं चाखून पाहतो तेवढ्यात विषाणू आत जातो. कीटकनाशकानं तो मरतो, पण चाखून झाल्यावर. पूर्वेच्या धुऱ्यावर बरबटी (चवळी) होती आणि जुलैपासून तिच्या शेंड्यांवर काळा मावा होता. विषाणू मात्र बरबटीतून आला असं समजायचं कारण नाही. त्याचं पहिलं घर बहुधा प्लॉटमध्येच होतं: घरच्या बियाण्यातून रोग घेऊनच उगवलेली रोपं. माव्यानं तो इकडून तिकडं नेला, आणि मावा पूर्वेला जास्त होता.

डाग आईचा, रोग लेकराचा

सगळं प्रकरण इथं येऊन ठरतं. दाण्याची साल ही मातृझाडाची ऊती आहे, आतला गर्भ नव्या पिढीचा. डाग सालीत असतो, म्हणजे तो सांगतो की शेंग भरताना आईला विषाणू होता. गर्भात विषाणू उतरला की नाही, हे डाग सांगत नाही. आईला फुलोऱ्याच्या आधी लागण झाली असेल तर विषाणू गर्भापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त. लागण फुलोऱ्यानंतर झाली तर साल चितकबरी होऊ शकते आणि गर्भ निरोगी राहू शकतो. उलट रोगी झाडाच्या एखाद्या शेंगेत साल स्वच्छ पिवळी राहते आणि गर्भ विषाणू घेऊन बसलेला असतो.

म्हणून रोपं उगवून पाहिली. पहिल्या थप्पीतले २०० चितकबरे आणि २०० स्वच्छ, दुसऱ्या थप्पीतले २०० स्वच्छ असे दाणे धुतलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये पेरले, वर ५० मेशची नायलॉन जाळी. वेळ नोव्हेंबरची निवडली, कारण विदर्भात तेव्हा रात्री गार आणि दिवस मवाळ असतात, लक्षणं उघड दिसतात. हीच चाचणी मेमध्ये केली तर रोगी रोपंही निरोगी दिसतात आणि सगळा लॉट पास होतो. पहिली साधी पानं आणि त्यानंतरची दोन त्रिदलं येईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, रोज सकाळी पाहणी. पानावर स्वतःची सावली पाडून पाहायचं. थेट उन्हात फिकट-गडद हिरव्याचा फरक डोळ्याला कळत नाही.

चितकबऱ्यांतून १५६ रोपं आली, त्यात ६ रोगी. त्याच थप्पीच्या स्वच्छ दाण्यांतून १६० रोपं, त्यात ४ रोगी. दुसऱ्या थप्पीतून १६२, त्यात १. एवढ्या लहान आकड्यांवरून ६ आणि ४ मधल्या फरकाला अर्थ देऊ नये. पण स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यांतूनही रोग उगवतो एवढं पक्कं झालं.

आता काकांच्या प्रश्नाचा हिशोब. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर ३० किलोत अडीच लाख दाणे बसतात. ८० टक्के उगवण म्हणजे दोन लाख रोपं. १६० पैकी ४ म्हणजे अडीच टक्के, तेव्हा एकरी ५,००० रोगी रोपं. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एकूण एक चितकबरा दाणा वेचून टाकल्यावरही दर चौरस मीटरला एकापेक्षा जास्त रोगी रोप उभं राहणार, तेही मावा यायच्या आधीपासून. निवडणाऱ्या बायांच्या कितीतरी दिवसांच्या मेहनतीतून रोग तसाच पुढं जाणार होता.

बुरशीनाशकाची बीजप्रक्रियाही इथं कामाची नाही. थायरम सालीवरच्या आणि मातीतल्या बुरशीसाठी आहे, गर्भातल्या विषाणूला ते शिवत नाही.

प्रयोगशाळेत कुठं चुकतं

संशयित रोपांची पानं एलायझा चाचणीला, म्हणजे विषाणूचं प्रथिन रंगावरून ओळखणाऱ्या चाचणीला, दिली. पान एक भाग आणि बफर (चाचणीचं द्रावण) दहा भाग असं वाटून गाळायचं. रोगी आणि निरोगी दोन्ही प्रकारचे तुलना-नमुने त्याच ताटलीत हवेत. ४०५ नॅनोमीटरवरचं वाचन निरोगी नमुन्याच्या दुप्पट किंवा जास्त आलं तर लागण धरायची. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कोरडा अख्खा दाणा दळून चाचणीला लावणं. सालीत आईचा विषाणू पडलेला असतो, त्यामुळं गर्भ निरोगी असला तरी चाचणी लागण दाखवते. दाणा सोलून तरी द्यावा, किंवा त्याहून बरं म्हणजे रोपाचं पान द्यावं. दहा-दहा रोपांची पानं एकत्र केली तर ९६ खान्यांच्या एका ताटलीत तुलना-नमुन्यांसकट ८०० रोपं बसतात. संख्या का मोठी लागते, तर २०० रोपांत एकही रोगी सापडला नाही तरी दीड टक्क्यापर्यंत लागण लपलेली असू शकते. हजारांत एकही नसेल तर ही शंका ०.३ टक्क्यावर येते.

कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना खुद्द लघु आरएनए पाहायचे असतील तर आणखी काही अडचणी येतात. पिकलेल्या दाण्याची साल उपयोगाची नाही. हिरव्या शेंगेतला, ५० ते ७५ मिलिग्रॅमचा कोवळा दाणा घेऊन त्याची साल काढायची आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची. रंगीत सालीतली टॅनिनसारखी द्रव्यं आरएनएला चिकटून तो खाली बसवतात, त्यामुळं आरएनए काढायच्या द्रावणात ही द्रव्यं धरून ठेवणारी पीव्हीपीपी भुकटी आणि बोव्हाइन अल्ब्युमिन हे प्रथिन घालावं लागतं. साध्या स्तंभ-किटमधून २०० अक्षरांपेक्षा लहान आरएनए धुऊन निघून जातात आणि शेवटी पट्टीच दिसत नाही. इथं लघु आरएनए नाहीतच, असा निष्कर्ष काढून विद्यार्थी मोकळा होतो. लहान तुकडे राखणारी पद्धत वापरावी आणि १५ टक्के ॲक्रिलामाइडचा, युरिया घातलेला जेल चालवावा. आणखी एक सापळा आहे. चितकबऱ्या सालीत चाल्कोन सिंथेजचे लघु आरएनए सापडले म्हणजे दमन चालू आहे असं होत नाही. एचसी-प्रो ते नष्ट करत नाही, अडकवून ठेवतं. दमन सुटलं का हे पाहायचं तर सालीचा काळा आणि पिवळा भाग वेगवेगळा कापून दोन्हींत चाल्कोन सिंथेज ७-८ चा संदेश-आरएनए मोजावा लागतो. काळ्या भागात तो वाढलेला दिसतो.

दुपदरी आरएनएची फवारणी करून हा रोग थांबवता येईल का, हे हल्ली हमखास विचारलं जातं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये लेडप्रोना या दुपदरी आरएनएच्या कीटकनाशकाला नोंदणी मिळाली, पण ते बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी. तो भुंगेरा पान खातो आणि औषध आपसूक पोटात घेतो. विषाणूसाठी हेच तुकडे पानाच्या पेशींत शिरावे लागतात, आणि उघडा दुपदरी आरएनए पानावर फार दिवस टिकत नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संशोधकांनी मातीसारख्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर तो बसवून तंबाखूच्या पानांचं विषाणूपासूनचं संरक्षण सुमारे २० दिवसांपर्यंत नेलं. वाट खरी आहे. पण बियाण्यातच विषाणू घेऊन उगवलेल्या रोपाला वरून फवारणी करून उपयोग नाही.

निर्णय

पहिल्या थप्पीचे २० कट्टे बियाण्यातून काढले आणि बाजार समितीत धान्य म्हणून विकले. तेलासाठी ते उत्तम आहेत. या विषाणूचा माणसाला किंवा ढोराला काही धोका नाही, कुटारही बिनधास्त खाऊ घालावं. डागी मालाची कपात झाली तेवढं नुकसान गटानं सोसलं.

दुसऱ्या थप्पीतलं बियाणं मोठ्या पेऱ्याला दिलं नाही. त्यातल्या ६० किलोवर दोन एकरांचा प्लॉट घेतला, इतर सोयाबीनपासून दूर, आणि धुऱ्यावर बरबटी, उडीद, मूग काही नाही. पेरणीनंतर १२, २० आणि २८ व्या दिवशी ओळीनं चालून रोगी रोपं उपटली. तिन्ही फेऱ्या फुलोऱ्याच्या आत बसवल्या, कारण जेएस ३३५ ला ३५ ते ४० दिवसांत फूल लागतं आणि त्यानंतर उपटण्याचा फारसा उपयोग नसतो. फेरी शक्यतो झडीनंतरच्या गार दिवसांत, सकाळी. उपटलेलं रोप तिथंच पिशवीत घालून तोंड बांधायचं. हातात धरून ओळीभर मिरवत नेलं तर त्यावरचा मावा शेजारच्या झाडांवर उतरतो.

चाचणीत चितकबऱ्या दाण्यांतून आलेली १० निरोगी रोपं गटातल्या एका ताईंनी परसात जाळीखाली वाढवली होती. पावसाळ्यात जाळीतच केलेल्या त्यांच्या पुढच्या पेऱ्याला शेंगा आल्या आणि सोलून पाहिल्या, तर प्रत्येक दाणा पिवळा, काळा फक्त डोळा. आईच्या सालीवरचा डाग पुढच्या पिढीत उतरला नव्हता, कारण त्या रोपांत विषाणू नव्हता आणि आठव्या गुणसूत्रावरचा तो उलटसुलट गट जागच्या जागी होता. त्या दाण्यांचा एक शेर ताईंनी वेगळ्या डब्यात ठेवला आहे, डब्यावर खडूनं 'जाळीतलं' असं लिहून.